बंद घरांची वाडी आणि महिनाभर राहणारा पाहुणा

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीच्या मुंबई मंडळाचा प्रश्न असा: वाडीत ३८ घरं आहेत, त्यांतल्या १७ घरांना कुलूप आहे. शाळेचा पट ९ वर आला आहे. काही घरं नीट करून तिथे महिना-दोन महिने राहणारे पाहुणे आणले, तर वाडी पुन्हा नांदती होईल का? आणि सुरुवात कुठून करायची?

होऊ शकेल. मात्र पाहुणे आले म्हणून वाडी नांदत नाही. त्या पाहुण्यांच्या कामावर तिशीतलं एखादं जोडपं वाडीत टिकलं, त्यांचं पोर शाळेत गेलं, तर ती नांदते. पुढचं सगळं या हिशेबाने वाचा.

नुसतं पर्यटन वाढवून माणसं थांबत नाहीत, याचा पुरावा शेजारीच आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, वर्षभरात कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. तरीही २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, म्हणजे जवळपास पाच टक्के घट. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्यात मुंबईला गेलेले कमावते पुरुष दडलेले आहेत, हे विसरू नये. आता तर बायका-मुलंही मागोमाग जातात, आणि आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. काम नाही असं म्हणता येत नाही. बाराही महिने पुरेल आणि सन्मानाने करता येईल असं काम कमी आहे.

शनिवार-रविवारचं पर्यटन ते काम देत नाही. शुक्रवारी रात्री गाडी येते, रविवारी दुपारी जाते, मधले पाच दिवस खोली रिकामी. त्यासाठी बाराही महिने माणूस ठेवणं परवडत नाही, मग हंगामापुरता बाहेरचा पोरगा ठेवला जातो. महिनाभर राहणारा पाहुणा दर दिवशी कमी पैसे देतो, पण रोज दूध घेतो, भाजी घेतो, रिक्षा सांगतो, कपडे इस्त्रीला देतो. वाडीला त्याचा उपयोग या रोजच्या छोट्या खर्चाचा आहे.

जपानमध्ये गावं ओस पडू लागली तेव्हा तिथल्या सरकारने एक संज्ञा रूढ केली, तिचा अर्थ साधारण ‘नातं असलेली लोकसंख्या’. गावात कायम न राहणारी, पण पुन्हापुन्हा येणारी, गावासाठी काही करणारी माणसं. शिकोकू बेटावरच्या कामियामा या डोंगरी गावात २०१० पासून शहरी कंपन्यांनी जुन्या घरांत छोटी कार्यालयं थाटली, कारण घरं रिकामी होती आणि इंटरनेट उत्तम होतं. कोकणाला ही कल्पना नवी वाटायला नको. चाकरमानी म्हणजे शंभर वर्षांहून जुनी ‘नातं असलेली लोकसंख्या’च. गणपतीला आणि शिमग्याला तो येतोच. तुमच्या मंडळाचं सगळ्यात मोठं भांडवल हेच आहे, आणि योजनेत पहिली कसोटीही त्याचीच लागते.

कारण घर बंद असलं तरी मोकळं नसतं. गणपतीत मालकाला ते हवंच. शिमग्यात देवाची पालखी दारात येते, त्या वेळी घर उघडं असावं आणि घरचं माणूस उंबऱ्यात असावं ही भावना इतकी खोल आहे की तिथे तडजोड मागूच नये. मे महिन्यात मुलंबाळं येतात. म्हणून कॅलेंडर मालकापासून सुरू करा. गणेश चतुर्थीच्या दहा दिवस आधीपासून गौरी-गणपती विसर्जनानंतर पाच दिवसांपर्यंत घर मालकाचं. फाल्गुन महिना मालकाचा. १५ एप्रिल ते १० जून मालकाचं. उरतं काय? दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे चार-साडेचार महिने, आणि जूनच्या मध्यापासून श्रावणापर्यंतचे साधारण दोन. म्हणजे सहा-साडेसहा महिने पाहुण्याला देता येतात, आणि नेमक्या याच काळात एरवी घराला कुलूप असतं. पाहुण्याला पहिल्या फोनवरच सांगायचं की अमुक तारखेला घर रिकामं करावं लागेल. हे आधी न सांगता गणपतीच्या तोंडावर पाहुण्याला हलवायला गेलात की पैसे परत द्यावे लागतात आणि मालकही दुखावतो.

आता भाऊबंदकी. दुरुस्तीच्या आधी कागद. ग्रामपंचायतीचा घराचा आकारणी उतारा (नमुना ८) काढा, खालच्या जागेचा सातबारा काढा, आणि दोन्हींवरची नावं जुळवा. बहुतेक घरं अजून आजोबांच्या नावावर असतात आणि वारस आठ-दहा. जो हयात वारस संमतीपत्रावर सही देत नाही, त्याचं घर पहिल्या वर्षी घेऊ नका, ते कितीही सुंदर असो. नव्या रंगाचं घर दिसलं की दहा वर्षं न फिरकलेला चुलतभाऊ पहिल्याच सीझनला हिस्सा मागतो. सतरातली चार घरं निर्वेध मिळाली तरी सुरुवातीला पुरे.

घर द्यायला मालक कचरतो त्याचं खरं कारण म्हणजे कुळाची भीती, राहायला आलेला उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल ही. कुळकायदा शेतजमिनीचा आहे, राहत्या घराचा नाही, हे सांगून ती जात नाही, कारण घर आणि आगर एकमेकांना लागून असतात. म्हणून करारात फक्त घर, पडवी, न्हाणीघर आणि खळं एवढंच लिहा. चतुःसीमा मोजून घाला. कलमं, नारळ-पोफळीची बाग, भाताची जमीन यांना हात लावायचा नाही, त्यांचं उत्पन्न मालकाचंच, हे वेगळ्या कलमात यायला हवं. करार मालक आणि वाडीतली व्यवस्था पाहणारी संस्था यांच्यात, नोंदणीकृत, किमान पाच वर्षांचा. पाचच का, ते पैशांच्या हिशेबात येईल. पाहुण्याच्या बाबतीत फरक लक्षात ठेवा. जेवणखाण, झाडलोट आपण करतो तेव्हा तो पाहुणा. अख्खं घर दोन-तीन महिने स्वतंत्रपणे हवं असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी, नोंदवलेला करार नसेल तर वादात राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

घर निवडताना सौंदर्य शेवटी पाहा. पहिला प्रश्न पाण्याचा. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जांभा तो चाळणीसारखा खाली सोडतो, म्हणून एप्रिलअखेर विहिरी तळ गाठतात. माणशी १३५ लिटर धरा. आठ पाहुण्यांचं रोजचं १,१०० लिटरच्या घरात जातं, चादरी धुणं वेगळं. पाहुणे मेमध्ये नसले तरी फेब्रुवारीत तुम्ही उपसलेलं पाणी शेजाऱ्याला एप्रिलमध्ये कमी पडतं, आणि तेव्हा होणारं भांडण योजनाच बुडवतं. विहिरीत रंगाने फुटांच्या खुणा करा आणि जानेवारीपासून दर रविवारी पातळी वहीत लिहा. एका वर्षाची ती वही हातात आल्याशिवाय चारच्या वर घरं घेऊ नका. पिण्याच्या पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ताज्या पुड्यातली. उघड्या पुड्यातला क्लोरीन पावसाळी हवेत उडून जातो.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यात भेगा असतात, म्हणून १५ हा आकडा कमीतकमी समजा. जुना खड्डा विहिरीच्या वरच्या बाजूला असेल तर ते घर सोडा.

मग वीज. पावसात फांदी पडली की वाडीचा फीडर सहा-आठ तास जातो. १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरची घट वजा करून आणि बॅटरी पूर्ण न उतरवता हाती हजार-अकराशे लागतात. लॅपटॉप ६०, राउटर १०, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०, दोन दिवे २०, मिळून १२० वॅट. नऊ तास निघतात. साधा जुना पंखा असेल तर तोच एकटा ७०-७५ खातो आणि हिशेब साडेसहा तासांवर येतो, म्हणून आधी पंखे बदला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा राउटर आणि ओएनटी (फायबर ज्याला जोडतात तो डबा) जळतात. चांगलं अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, आणि गडगडायला लागलं की प्लग उपसायची सवय, तिन्ही हवं. सर्ज प्रोटेक्टर लावून अर्थिंग कोरडं ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य.

इंटरनेटबाबत ‘फोरजी पूर्ण येतं’ हे उत्तर धरू नका. ते ओटीवर येतं, जांभ्याच्या दीड फुटी भिंतीआड माजघरात येत नाही. ज्या टेबलावर पाहुणा काम करणार, तिथे बसून, सात दिवस, सकाळी ११ आणि रात्री ९ वाजता अपलोडचा वेग मोजा. व्हिडिओ कॉलला स्थिर तीन-चार एमबीपीएस अपलोड पुरतो, पण तो सुटता कामा नये. एक फायबर आणि एक दुसऱ्याच कंपनीचं मोबाइल कनेक्शन, अशा दोन वाटा ठेवा. रस्त्याच्या कामात फायबर तुटला की दुरुस्तीला चार दिवस लागतात, आणि दुसऱ्याच दिवशी नोकरदार पाहुणा बॅग भरतो.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण दीर्घ मुक्कामाची खरी संधी तिथे आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारीही तिथूनच येतात. २६ मे ते ३१ ऑगस्ट सिंधुदुर्गात जलक्रीडा बंद असतात, किनाऱ्यावरची गर्दी ओसरते. लिहायला, वाचायला, चित्र काढायला, प्रबंध पुरा करायला आलेल्या माणसाला आतल्या वाडीत हाच काळ सोन्यासारखा. पण जुलैच्या मध्यावर एखाद्या बंद खोलीत जाऊन पाहा. कापसाची गादी हाताला गार लागते, उलटी केली की खालच्या अंगाला करडे ठिपके. उशीला कुबट वास. चामड्याच्या पाकिटावर पांढरी बुरशी. भिंतीला टेकवलेल्या पलंगाच्या मागे ओलीचा पट्टा चढलेला. उपाय साधे आहेत, पण ते मेमध्ये करावे लागतात. कापसाच्या गाद्या काढून काथ्याच्या घ्या, पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, गादीखाली फळ्यांत फटी ठेवा. कपाटाला मागे जाळी. चादरी वाळवायला पडवीत दोऱ्या आणि खाली एक पंखा. माणशी चादरींचे तीन जोड लागतात, दोन पुरत नाहीत, कारण आषाढात चादर वाळायला तीन दिवस जातात. खोली रिकामी असली तरी रोज दोन तास दारं-खिडक्या उघडून पंखा लावायचा. आणि जुन्या घरात चूल पेटत होती तोवर धुराने वासे-कौलं कोरडी राहत, वाळवी दूर राहत असे. गॅस आल्यावर ते गेलं. न्हाणीघरातला बंब रोज पेटवलात तर थोडं तरी परत मिळतं, शिवाय पाहुण्याला कढत पाणी.

कौलं मेच्या पहिल्या पंधरवड्यात शाकारून घ्या. जूनच्या तोंडावर माणूस मिळत नाही. माकडं वर्षभर कौलं फोडतात, म्हणून शंभरेक जुनी कौलं मांगरात रचून ठेवा. नवं मंगलोरी कौल जुन्या साच्यात नीट बसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. वैतागून वर पत्रा घालायचा मोह होतो. घातलात तर दुपारी खोली तापते आणि पावसात पत्र्याच्या आवाजाने फोनवर बोलता येत नाही.

जेवणात अनुभवी माणसंही चुकतात. तीन दिवसांच्या पाहुण्याला कोंबडी-वडे, सोलकढी, तळलेला पापलेट आवडतो. तिसाव्या दिवशी तोच पाहुणा ताटाकडे बघत नाही. त्याला घरचं हवं: सकाळी पेज, कुळथाची पिठी, अळूचं फतफतं, एक वेळ साधी पोळी-भाजी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीचं मिळेल ते आणि सुकं. हे आधीच सांगितलं की तक्रार येत नाही. प्रत्येक घरात गॅसची शेगडी आणि चार भांडी द्या, आठवड्यातले दोन-तीन दिवस पाहुण्याने स्वतः शिजवावं. त्याने रांधणाऱ्या बाईलाही सुट्टी मिळते. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नका, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा.

आता पैसे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या दराने बदला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर असलेलं घर महिना २२,००० ला गेलं आणि वर्षात पाच महिने भरलं, तर १,१०,००० येतात. वाटणी अशी सुचवेन: मालक २५ टक्के, घराची देखभाल १५, वीज-पाणी-इंटरनेट १०, वाडी फंड ५, आणि व्यवस्था पाहणाऱ्या जोडप्याला ४५. चार घरांचे ४५ टक्के म्हणजे १,९८,०००. जेवणाचं वेगळं: प्रत्येक घरात दोन माणसं, १५० दिवस, म्हणजे १,२०० माणूस-दिवस, आणि पाहुणा स्वतः शिजवतो ते दिवसही धरून, जिन्नस वगळून दिवसामागे सरासरी १२० रुपये सुटले तर १,४४,०००. दोन्ही मिळून ३,४२,०००, महिन्याला सरासरी २८,५००. राहायला स्वतःचं घर, भाडं नाही, भात-भाजी परसातली. मुंबईच्या टोकाला भाड्याने राहून लोकलने ये-जा करणाऱ्या जोडप्याला हा आकडा विचार करायला लावतो. दोन घरांवर तो लावणार नाही, म्हणून चार घरं एकदम हवीत. एकेका मालकाने सुटंसुटं होमस्टे काढणं मला त्यामुळेच पटत नाही.

मालकाच्या बाजूने मात्र खोटी आशा दाखवू नका. वर्षाला २७,५०० हे त्याच्या शहरी घरभाड्यापुढे काहीच नाही. दुरुस्तीवर साडेतीन-चार लाख घातले तर ते वसूल व्हायला दशकाहून जास्त काळ जाईल. म्हणून संडास-न्हाणी आधीच आहे, छप्पर धड आहे, अशी दोन लाखांत तयार होणारी घरंच घ्या. मालकाचे २५ आणि देखभालीचे १५ मिळून वर्षाला ४४,००० आधी त्या खर्चाच्या फेडीला लावले, तर साडेचार वर्षांत दोन लाख फिटतात. पाच वर्षांचा करार म्हणतो तो याच हिशेबाने. त्या काळात मालकाला रोख मिळत नाही. त्याला मिळतं ते गळत नसलेलं, वाळवी न लागलेलं, गणपतीला कुलूप काढलं की झाडायलाही न लागणारं घर. ज्या मालकाला एवढं पुरतं, त्याच्याशीच करार करा. व्यवस्था घरच्या बाईच्या नावे असेल तर राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ महिला पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परतावा आहे. जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयात विचारा. पण कर्ज काढून नव्या खोल्या बांधू नका. वाडीत खोल्या कमी नाहीत. किनाऱ्याजवळच्या घरांना सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) होमस्टे चालतो तो जोत्याचं क्षेत्र आणि दर्शनी बाजू न बदलता, हेही ध्यानात असू द्या.

पाहुणा निवडणं हेही काम आहे. किमान मुक्काम २१ रात्री. त्याहून कमीची चौकशी नम्रपणे नाकारा, नाहीतर दोन महिन्यांत तुमचा वीकेंडचा धंदा होतो. पहिल्या वर्षी जाहिरातीवर पैसे घालू नका. मंडळाच्या ओळखीतले निवृत्त शिक्षक, घरून काम करणारे तुमचेच भाचे-पुतणे, यांच्यापासून सुरुवात करा. पहिले सहा पाहुणे ओळखीचे असले की चुका पोटात घातल्या जातात. निम्मे पैसे आगाऊ, आणि पहिल्या पाच दिवसांत नाही रुचलं तर उरलेल्या दिवसांचे परत. ही सोय ठेवल्याने माणसं यायला धजावतात, आणि फार थोडी परत जातात. प्रत्येकाचं ओळखपत्र नोंदवहीत. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन. पाहुण्याला वापरायला घरची स्कूटर भाड्याने देऊ नका. खाजगी नंबरप्लेटची गाडी भाड्याने दिल्यावर अपघात झाला तर विमा हात वर करतो. त्यापेक्षा वाडीतल्या रिक्षावाल्याशी स्टेशन, बाजार आणि दवाखाना असे तीन ठरावीक दर बांधून घ्या.

दवाखान्याबद्दल एक गोष्ट भिंतीवर लिहूनच ठेवा: सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष असतं, आणि रात्री तिथे डॉक्टर कोण. दर महिन्याला फोन करून खात्री करा. रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा फुरसं या विषारी सापाचा मुलूख आहे, पायवाटेवरच्या पाल्यात ते दिसत नाही. विजेरी आणि बंद बूट हे स्वागताच्या सामानातच असावेत. साठीच्या पुढच्या पाहुण्याला १०८ ची गाडी तुमच्या पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) कुठल्या टोकापर्यंत येते, हे पहिल्या संध्याकाळी चालत नेऊन दाखवा.

यश मोजायचं कसं? पाहुण्यांच्या रात्री मोजू नका. मार्चअखेर चार आकडे लिहा: वर्षातून सहा महिन्यांहून जास्त दिवा लागलेली घरं किती, वाडीतल्या माणसांना मिळालेले मजुरीचे दिवस किती, शाळेचा पट किती, आणि चाळिशीच्या आतलं कोण परत आलं. तीन वर्षांत चौथा आकडा शून्यच राहिला, तर योजना फायद्यात असली तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही. तेव्हा घरं वाढवू नका. जोडप्याचा वाटा पुरेसा आहे का, ते आधी तपासा.

येत्या गणपतीत सगळे मालक वाडीत असतील. दीड दिवसाचे गणपती गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक घ्या, गौरीच्या गडबडीत कोणी बसत नाही. बैठकीआधी गावच्या रीतीप्रमाणे देवळात गाऱ्हाणं घाला, मानकऱ्यांना विचारून. त्या दिवशी एकच निर्णय घ्यायचा: कोणती चार घरं, आणि कोणतं जोडपं. जोडपं ठरलं नाही तर घरं ठरवू नका.